उपासाचा हिवाळा

“वरची पोट्टी सोमवारी बोलतही नाही. उपास तं उपास, वरून मौन!”

“बाप्पा! या वयात?”

“मंग! मी माह्या डोळ्यानं पाहिलं गच्चीवर. एक शब्द नाही काढला तोंडातून.”

वरची पोट्टी म्हणजे मी. सांगणाऱ्या सुलभाकाकू, आमच्या खालच्या मजल्यावरच्या. ऐकणारी कोण होती ते दिसत नव्हतं, कारण मी पार्किंगमध्ये जिन्याच्या आडोशाला उभी होते. गाडीवरून नुकतीच उतरलेली, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेली अंडी. दिवस सोमवारचाच होता. काकूंचं बोलणं संपेपर्यंत मी हलले नाही. हिवाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमध्ये फोडणीचे वास लवकर निघतात. कोणाकडे तरी लसूण आणि सांबार परतत होते. माझ्या पोटातून असा आवाज आला की तो जिन्यात घुमला असेल असं मला वाटलं.

हा गेल्या वर्षीचा हिवाळा. यंदाचा परवा सुरू झाला. म्हणजे थंडी आधीच आली होती, पण परवा चौकातल्या हातगाडीवर सांबाराचे ढीग दिसले आणि मला तो खरा वाटला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात तो इतका येतो आणि इतका स्वस्त होतो की लोक जुडी मागत नाहीत, पिशवी पुढे करतात. ओला, हिरवागार, मुळांना माती चिकटलेला. तो वास आला की नागपूरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, सांबारवडी. मलाही आठवते. फक्त माझ्या आठवणीत तिच्याबरोबर एक उकडलेलं अंडं, एक सिंगाड्याचा शिरा आणि वर्ध्याच्या एक मावशी येतात.

नागपुरात उन्हाळा इतका लांब आणि इतका कडक असतो की माणसाची भूकच मरते. त्यामुळे वर्षभराचं खाणं लोक हिवाळ्यात उरकून घेतात असा माझा समज आहे. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात. भरीत होतं. संत्री टोपलीने येतात आणि गच्चीवर उन्हात बसून संपतात. गाजर किसून किसून आईची बोटं केशरी होतात. या सगळ्याच्या बरोबर सुरुवातीला, दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेलेला असताना, मला डॉक्टरांनी सांगितलं की शुगर काठावर आहे.

मी गेले होते थकव्यासाठी. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “आत्ता सांभाळलंस तर मागे फिरते. नाही सांभाळलंस तर राहते.” जेवणाबरोबर घ्यायची एक पांढरी गोळी दिली आणि पलीकडच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या. लो कार्ब. मला शब्द कळत होता. आई शेजारी बसून मान हलवत होती, म्हणजे तिला कळत नव्हता.

परत येताना आई माझ्या मागे गाडीवर बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती माझ्या हेल्मेटमधून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “कोणाला सांगायचं नाही हं, तुला शुगर आहे म्हणून!”

शेजारचा ऑटोवाला वळून माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत खरी सहानुभूती होती.

“जमेपर्यंत फक्त,” आई पुढे म्हणाली, “एकदा जमलं की मग काही नाही.”

जमणं म्हणजे लग्न जमणं. माझ्यासाठी स्थळं बघणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मुलीला इतक्या लवकर शुगर म्हटलं की लोक काय काय विचारतील, याची आईकडे पूर्ण तयारी होती. फक्त उत्तरांची नव्हती. मी काही बोलले नाही. मी बहुतेक वेळा काही बोलत नाही. शाळेत असताना बाईंनी प्रश्न विचारला की मला उत्तर येत असायचं आणि मी हात वर करण्याचा विचार करेपर्यंत तास संपायचा. घरातही तेच. लोकांना वाटतं मी शांत आहे. मी शांत नाही, मी फक्त उशिरा पोचते.

आता पथ्य जेवणाचं असेल तर ते सोपं असतं. ताटात भात कमी, भाजी जास्त, विषय संपला. पथ्य हरतं ते संध्याकाळी. ऑफिसचं काम अंगावर आलेलं असतं, चहा समोर असतो आणि चहाबरोबर काय, हा प्रश्न असतो. त्या ‘काय’साठी आमच्या घरात त्या हिवाळ्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी मी दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी यावर झाली नव्हती.

“कार्ब म्हणजे भात आणि साखर ना?” आई म्हणाली, “मग पोहे खा.”

“आई, पोहे म्हणजे भातच.”

“काहीतरीच! पोहे पोहे असतात.”

“तांदळाचेच करतात ना?”

“करतात. पण मग ते पोहे होतात.”

बाबांनी वर्तमानपत्राआडून आईची बाजू घेतली. आयुष्यभर सकाळी पोहे खाल्लेल्या माणसाला ते भात आहेत असं सांगणं म्हणजे शेजारी हा मुळात आपला सख्खा भाऊ आहे असं सांगण्यासारखं होतं. मग मुरमुरे गेले. मग मका गेला. आई दर वेळी नवा पदार्थ आणायची आणि मी फोनवर बघून त्याला बाहेर काढायची, आणि ती मान वळवून गॅस पुसायची. मखाण्यांचा शेवट सगळ्यात वाईट झाला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की मखाणे डाएटचे असतात. तिने मोठी गोणीवजा पिशवी आणली, मखाणे तुपात परतले, वर जिरेपूड घातली. मी बघितलं, तर त्यातही कार्ब.

“एवढे हलके आहेत,” आई हातात एक मखाणा धरून म्हणाली, “यात मावलं कुठे?”

मला त्या मखाण्याची आणि तिची, दोघांची दया आली.

शेवटी उरलं ते असं: शेंगदाणे, पण मूठभर. पनीर. काकडी. जवसाची चटणी, पण कशाला लावून ते विचारायचं नाही. दही. आणि बिया. बियांसाठी आम्ही दोघी इतवारीत गेलो, ठोक किराण्याच्या गल्लीत, जिथे एका हातगाडीला वाट देण्यासाठी तीन टेम्पोंना मागे जावं लागतं. आईने भोपळ्याच्या बिया मागितल्या, सूर्यफुलाच्या मागितल्या, कलिंगडाच्या आहेत का विचारलं. दुकानदाराने सगळं मापून दिलं आणि मग आपुलकीने म्हणाला, “तोता पाला क्या, भाभी?”

आईने माझ्याकडे न बघता मान डोलावली. “हाँ.”

“बोलता है?”

“कम बोलता है,” आई म्हणाली.

गुपित सांभाळायचं ठरवल्यावर आई किती पक्की असते ते मला तेव्हा कळलं.

गंमत अशी की दिवसाचा अर्धा भाग मला हे सगळं लपवावं लागत नव्हतं. माझं ऑफिस मिहानमध्ये, शहराबाहेरच्या कंपन्यांच्या वसाहतीत. तिथे चार वाजता कोणाचा तरी वाढदिवस असतोच. केक यायचा आणि मी म्हणायची, ‘नो थँक्यू, आय ॲम ऑन लो कार्ब,’ आणि लोकांच्या चेहऱ्यावर आदर यायचा. माझ्या शेजारच्या टेबलावरची अंकिता तिच्या कीटोबद्दल असं बोलायची, जसं लोक युरोपच्या सहलीबद्दल बोलतात. तिथे कोणी ‘काहून’, म्हणजे का, असं विचारत नव्हतं. विमानतळाच्या बाजूने गाडी शहरात शिरायची, अजनी मागे पडायची, गल्ल्या अरुंद होत जायच्या, आणि तीच मी, तोच पनीरचा डबा, पण अर्थ बदलत जायचा. मिहानमध्ये मी डाएटवर होते. महालात मी आजारी ठरले असते.

आणि इंग्रजीत ‘नो थँक्यू’ म्हटलं की बोलणं संपतं. शाळेत आम्हाला ते तसंच शिकवलं होतं, थोडं हसून, मान किंचित वाकवून. आमच्या बिल्डिंगमध्ये ‘नको’ म्हटलं की बोलणं तिथून सुरू होतं. नको? काहून नको? तिखट आहे म्हणून नको? मंग गोड आणू का? अर्धी घे. बरं, पाव घे. माह्या हातचं नाही खात का वं तू? या शेवटच्या प्रश्नाला जगात उत्तर नाही. त्यानंतर फक्त खाता येतं.

सुलभाकाकूंची सांबारवडी पहिल्यांदा आली तो सोमवार होता. काकूंचे दोन्ही मुलगे बाहेरगावी, काका मोजकंच जेवणारे. पण काकूंच्या हाताला अजून चौघांच्या मापाचीच सवय आहे, आणि ते जास्तीचं माप जिना चढून आमच्याकडे येतं. पायात दुखणं आहे, तरी स्वतः येतात. त्या दिवशी ताटलीवर झाकण होतं, पण झाकणाने काय होणार. बेसनाची खरपूस पारी, आत ठासून भरलेला सांबार, खसखस, खोबरं, तीळ, चारोळी. सोबत वाटीत कढी. मी दार उघडलं. पारीत बेसन, मैदा, वर तळण. माझं ‘नको’ अजून पोटाजवळ होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आई म्हणाली, “अहो, हिचा उपास आहे आज. सोमवार.”

मला तिच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. फार तर अर्धा तास वाटलं. मग पुन्हा बेल वाजली. काकू, धापा टाकत, हातात वाफाळणारी साबुदाण्याची उसळ.

“उपाशी पोट्टी ऑफिसचं काम करून राहिली. मले चैन पडते का?”

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. साबुदाणा हा जवळजवळ नुसता कार्ब असतो. आमच्या उपासाच्या ताटात पुढे त्याला बटाटा भेटतो, रताळं भेटतं, राजगिऱ्याचा लाडू भेटतो आणि शेवटी केळं येतं. भगवंताला जे आवडतं आणि माझ्या आहारतज्ज्ञ बाईंना जे आवडतं, त्यात एकही पदार्थ सामाईक नव्हता. आईने वडीपासून वाचवलं होतं ते थेट याच्या तोंडी दिलं होतं.

ती उसळ बाबांनी खाल्ली. पुढच्या सोमवारची पण. मग काकूंनी विचारलं, “गुरुवार करते का हो ही?” आणि आई घाईत हो म्हणाली, कारण त्या गुरुवारी त्या पाटवडीचा रस्सा घेऊन आल्या होत्या. मग चतुर्थी आली. मी जितके उपास करू लागले तितकं घरात फराळाचं येऊ लागलं आणि जानेवारीपर्यंत बाबांच्या दोन पँटी बसेनाशा झाल्या. “तुझं पथ्य मला झेपत नाही,” ते एकदा साबुदाणावडा खाता खाता म्हणाले.

मौनाचं मात्र मी ठरवून केलं नव्हतं. आमच्या घरात अंडी चालत नाहीत. पण आहारतज्ज्ञ बाईंनी अंडी लिहून दिली होती, आणि औषधाला आई नाही म्हणत नाही. तिने अटी घातल्या. वेगळं पातेलं, तेही बाल्कनीत, वेगळा चमचा, आणि खायचं गच्चीवर, देवघराच्या डोक्यावर येणार नाही अशा कोपऱ्यात. तो कोपरा पाण्याच्या टाकीमागे होता. हिवाळ्यात तिथे छान ऊन यायचं. खाली कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज, पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या रजया, दूरवर पतंगाच्या मांज्यावरून चाललेलं भांडण. तिथे बसून, मीठ-मिरपूड लावून, मी त्या हिवाळ्यातला माझा सगळ्यात सुखाचा वेळ घालवला आहे.

त्या सोमवारी मी घरूनच काम करत होते. अंडं सोललं, मीठ लावलं आणि टाकीपलीकडे काकूंच्या चपला वाजल्या. त्या मुगवड्या वाळत घालायला आल्या होत्या. माझ्याकडे दोनच मार्ग होते. एक, अंडं गच्चीवरून खाली टाकणं. खाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. मी दुसरा निवडला. अख्खं अंडं तोंडात टाकलं आणि ओठ मिटले.

“केतकी? इथं काय करून राहिली वं एकटी?”

मी मान हलवली. कोणत्या दिशेने ते आठवत नाही.

“उपास आहे ना आज? काही खाल्लं का?”

नाही, अशी मान.

“काहून बोलत नाहीस? रागावली का कोणावर?”

आता पिवळा बलक टाळूला चिकटला होता. श्वास नाकाने चालू होता, तोही जेमतेम. डोळ्यांत पाणी आलं. घाबरून मी जे सुचलं ते केलं, दोन्ही हात जोडले. माझा अर्थ होता, काकू, कृपा करून खाली जा.

काकूंनी माझे जोडलेले हात पाहिले. मिटलेले ओठ पाहिले. डोळ्यांतलं पाणी पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

“अगं माय,” त्या कुजबुजल्या, “मौन आहे का तुझं?”

मी मान डोलावली. त्यांनीही हात जोडले. मुगवड्यांचं ताट आवाज न करता भिंतीवर ठेवलं आणि पाय न वाजवता निघून गेल्या. मी अंडं गिळलं. नास्तिक नाही मी, पण त्या क्षणी देवाची क्षमा मागायची की आभार मानायचे ते मला ठरवता आलं नाही.

तिथून ती गोष्ट जिन्याने खाली उतरली, आणि ज्या दिवशी मला पार्किंगमध्ये ऐकू आली त्या दिवशी ती समोरच्या बिल्डिंगमध्ये जायला निघाली होती. आयुष्यभर माझ्या न बोलण्याला लोक घुमी म्हणत आले, शिष्ट म्हणत आले, इंग्रजी शाळेचा परिणाम म्हणत आले. आता त्याच न बोलण्याला तेज आलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी मला संकष्टीचा चंद्रोदय कधी ते विचारलं. मी फोनवर बघून सांगितलं, तर ते म्हणाले, “मुखोद्गत आहे पोरीला.” एका बाईंनी नातवाच्या परीक्षेसाठी सोमवारी त्याचं नाव घे म्हणून सांगितलं. मी घेतलं सुद्धा. टाकीमागे, अंडं सोलता सोलता.

सगळ्यात आश्चर्य आईचं. आधी ती घाबरली. आणि मग एक दिवस ती फोनवर कोणालातरी सांगत होती, “हो ना, लहानपणापासूनच ओढा आहे तिचा.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जराही न दचकता पुढे बोलत राहिली. मला वाटतं तिला तोपर्यंत ते खरं वाटायला लागलं होतं.

संक्रांतीच्या आसपास काकू एकदा हातात काही न घेता वर आल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

“माही बहीण आहे ना, वर्ध्याची, कुसुम. तिचा पोरगा बँकेत आहे,” त्या आईला म्हणाल्या. “घर स्वतःचं. पोरगा सरळ. त्याहिले अशीच पाहिजे, देवाधर्माची. आजकाल अशी पोट्टी भेटते का सांगा बरं?”

“नाही भेटत,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

“त्याहिच्या घरी सगळे करतात उपास. सोमवार, शनिवार, एकादश्या, चतुर्थ्या. आमच्या कुसुमचा तं साबुदाण्यावर असा हात बसला आहे म्हणून सांगू! तुमच्या पोरीचे लाड होतीन.”

माझ्या डोळ्यांसमोर माझा संसार आला. पांढरा, चिकट, दाणेदार. हळदीकुंकवाला कुसुममावशी येणार होत्या. पोरगी सहज दिसून जाईल, असं काकू म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी आईला विचारलं, “मग सांगायचं कधी?”

“जमल्यावर.”

“जमल्यावर म्हणजे?”

“साखरपुडा झाला की.”

“साखरपुडा झाल्यावर सांगायचं, की मला साखर चालत नाही?”

“बरं, मग लग्न झाल्यावर.”

“आणि लग्न झाल्यावर?”

आईने विचार केला. “लग्न झाल्यावर सांगायची गरजच काय?”

ती हसली नाही. मीही हसले नाही. तिच्या हातात माझ्यासाठी भाजलेल्या बिया होत्या. त्या ती रोज न चुकता भाजायची, जळू नयेत म्हणून गॅसपाशी उभी राहून. माझ्यासाठी इतकं करणारी ही बाई माझ्या आजाराचं नाव मात्र एकदा सिग्नलला सोडून पुन्हा कधी उच्चारत नव्हती. आणि मी तरी कुठे उच्चारत होते? मिहानमध्ये मी डाएट म्हणत होते, महालात उपास. मला झालेली गोष्ट मी अजून कोणत्याही भाषेत मोठ्याने म्हटली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सांभाळलंस तर मागे फिरते. जी गोष्ट आहे असं म्हणायचंच नाही, ती सांभाळायची कशी, आणि वर्ध्याला, परक्या स्वयंपाकघरात, वेगळं पातेलं तरी कुठे ठेवायचं?

काकूंकडचं हळदीकुंकू गुरुवारी होतं. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला टेकून बायका, काठापदराच्या साड्यांचा आणि डांबरगोळ्यांचा वास, वाण म्हणून प्रत्येकीला चहाची गाळणी. त्या दिवसांत तिळगूळ हातात पडला की तो माझ्या रुमालात जायचा आणि रुमाल पर्समध्ये. महिनाभरात त्या पर्सला मुंग्या लागल्या होत्या. आईने मला बरोबर कुसुममावशींसमोर बसवलं आणि स्वतः पलीकडच्या भिंतीशी बसली, नजर माझ्यावर ठेवून.

कुसुममावशी काकूंसारख्याच दिसत होत्या, फक्त थोड्या जास्त इस्त्री केलेल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मीही त्यांच्याकडे बघत होते, पण माझी बघायची पद्धत वेगळी. मी माणसाच्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघते. ताटल्या फिरायला लागल्या तेव्हा त्यांचा हात पर्समध्ये गेला, एक गोळी बाहेर आली आणि पाण्याबरोबर आत गेली. शेजारणीने पाहिलं.

“गॅसची आहे,” मावशी म्हणाल्या.

“मीही घेते गॅसची,” शेजारीण म्हणाली आणि तिनेही आपली काढली.

पांढरी गोळी, लांबट, तीच पट्टी. माझ्या कपाटात स्वेटरखाली तशीच होती. आईने ती व्हिटॅमिनची म्हणून जाहीर केली होती. मी खोलीभर नजर फिरवली. कितीतरी पर्स हळूच उघडून हळूच बंद होत होत्या. महालातल्या इतक्या बायकांना एकाच वेळी, बरोबर खाण्याच्या आधी, गॅस व्हावा?

आणि मग सांबारवड्या आल्या. नुकत्या तळलेल्या, मधोमध कापलेल्या, आतला हिरवा रंग अजून जिवंत. कढीची वाफ. खोलीभर कुरकुर आवाज सुरू झाला. काकू सगळ्यांना वाढून, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात वेगळी वाटी होती.

“सिंगाड्याचा शिरा. फक्त तुझ्यासाठी केला, सकाळी उठून. यांच्यासोबत उपाशी बसशील का?”

वर तूप चमकत होतं. साखर तळाशी पाकासारखी उतरली होती. मी वाटी घेतली. ती गरम होती. खोलीतला कुरकुर आवाज कमी झाला, कारण बघायला मिळणार असेल तर माणसं चावायचं थांबतात. मी चमचा हातात धरून बसले. खायचा नाही, पण ठेवायचा कसा? या बाईने दुखऱ्या पायाने अख्खा हिवाळा जिना चढून मला जपलं होतं, आणि दर वेळी नेमकं तेच आणलं होतं ज्यापासून मला जपायचं होतं. त्यात त्यांची चूक एवढीच, की त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“काही बोल वं बाई,” कुसुममावशी म्हणाल्या. “आवाज तं ऐकू दे.”

पलीकडच्या भिंतीवरून आईची मान अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे हलली.

“बोलते ना,” काकू माझ्या वतीने म्हणाल्या. “मौन सोमवारचं आहे तिचं. आज गुरुवार आहे. आज बोलते ते. बोल, पोट्टी.”

खरंच, गुरुवार होता. मला एकही सबब आठवेना. शाळेत तास संपायचा तसं काही संपत नव्हतं. सगळ्या बसल्या होत्या, कोणाला घाई नव्हती. मावशींच्या ताटलीत अर्धी वडी होती, तिच्या पारीतून सांबार बाहेर आला होता आणि त्यावर खसखशीचे दाणे दिसत होते. मी शिऱ्याची वाटी दोन्ही हातांनी काकूंच्या हातात परत दिली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

“काकू, मला उपास नाहीये, मला शुगर आहे. वरची पारी काढून मला सांबारवडीतला नुसता सांबार द्या. भरपूर द्या.”